अंगातले बळ आणि अंगावरचा पीळ

चैत्र लागला की जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांत यात्रांचा हंगाम सुरू होतो. आज या गावी, उद्या त्या गावी. सकाळी देवाला नैवेद्य, दुपारी घाटात बैलगाड्यांच्या बाऱ्या, रात्री तमाशा, आणि दुसऱ्या दिवशी उन्हे कलली की कुस्त्यांचा आखाडा. हलगी घुमू लागते, फेटेवाले पंच तांबड्या मातीत उतरतात, रेवड्यांवरच्या पोरासोरांच्या कुस्त्या उरकतात आणि मोठ्या इनामाच्या जोडीची पाळी येते. अशा वेळी पुण्यामुंबईहून यात्रेला आलेले पाहुणे कडेला बसून काय बोलतात, ते ऐकण्याजोगे असते. एका बाजूने येणाऱ्या पैलवानाच्या दंडांवर बेटकुळ्या टरारलेल्या, छातीचे दोन भाग कोरून काढल्यासारखे वेगळे, पोटावर फरशी बसवावी तशा वड्या. दुसऱ्या बाजूने येतो तो गोल, गुळगुळीत. मान आखूड, पोट किंचित पुढे, अंगावर कुठे रेघ म्हणून नाही. पाहुणे लगेच निकाल देऊन टाकतात, "हा दुसरा काय लढणार? याला नुसते दूधतूप चढलेले दिसते!" शेजारचा म्हातारा गावकरी मिशीत हसतो. "पाव्हणं, साल बघून झाडाचं वजन सांगता व्हय?" एवढेच तो म्हणतो. आणि पाच मिनिटांत त्या गोल गुळगुळीत गड्याने दुसऱ्याला अस्मान दाखवले, तर त्यात गावकऱ्यांना काही नवल वाटत नाही.

हेच पाहुणे दोन दिवस राहून पश्चिमेकडे, नाणेघाटाच्या नाहीतर भीमाशंकरच्या वाटेला लागले, तर त्यांची दुसऱ्यांदा फसगत होते. या डोंगरपट्ट्यातला महादेव कोळी शेतकरी दिसायला अगदी बारीक. दंड पाहाल तर शाळेतल्या पोराचे, छाती सपाट. परंतु हा माणूस भाताची लावणी दिवसभर वाकून करतो, हंगामात हिरड्याच्या झाडावर सरसर चढतो, आणि ओझे डोक्यावर घेऊन चढण चढताना त्याचा दम बोलण्याच्या आड येत नाही. त्याच्याबरोबर निघालेला शहरी तरुण, ज्याने व्यायामशाळेत दंड कमावलेले असतात, तो दर पन्नास पावलांवर 'फोटो काढण्यासाठी' थांबतो.

म्हणजे एकाच जिल्ह्याच्या एका कोपऱ्यात तीन माणसे आहेत. तिघेही तब्येतीने उत्तम, तिघेही मेहनतीचे. आणि तिघांची अंगे एकमेकांशी मुळीच जुळत नाहीत. असे का व्हावे? प्रश्न करमणुकीचा वाटतो, पण तो आता आपल्या घरात शिरला आहे. हातातल्या दूरध्वनीच्या काचेवर पीळदार देहांची चित्रे पाहणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आरशासमोर उभा राहतो आणि आपण कमकुवत आहोत असे ठरवून मोकळा होतो. त्याचे वडीलही कधी कधी तेच ठरवतात. दोघांचाही मापदंड चुकीचा आहे.

आपल्या भाषेला मात्र हा भेद फार पूर्वीपासून ठाऊक असावा. मराठीत 'बळकट' या अर्थाने एक शब्द नाही, शब्दांची एक पंगतच आहे. 'धष्टपुष्ट' म्हणजे भरलेला. 'भरदार' म्हणजे रुंद. 'पीळदार' म्हणजे ज्याचे स्नायू दोरखंडाच्या पेडांसारखे वेगवेगळे दिसतात तो. आणि 'काटक' म्हणजे दिसायला काटकुळा, पण काम करून न थकणारा. इतका नेमका शब्द ज्या समाजाने वापरात ठेवला, त्याने असली माणसे रोज पाहिली असणार. चरकसंहितेच्या विमानस्थानात तर वैद्यांना सरळ इशाराच दिलेला आहे. हा पुष्ट म्हणून बलवान, हा कृश म्हणून दुर्बल, असा निर्णय नुसते शरीर पाहून करू नये. लहान आणि कृश देहाची माणसेही बलवान आढळतात. दाखला दिला आहे तो मुंगीचा, स्वतःहून मोठा भार ओढून नेणाऱ्या मुंगीचा.

आता शरीराच्या आत शिरू. स्नायू दिसणे न दिसणे ही मुख्यतः त्याच्यावरच्या पांघरुणाची गोष्ट आहे. कातडी आणि स्नायू यांच्यामध्ये चरबीचा एक थर असतो. पातळ चादर पांघरून निजलेल्या मुलाचे गुडघे, कोपर, सगळे कळून येते. तेच मूल जाड गोधडीत गुंडाळले की नुसता एक उंचवटा. पुरुषाच्या वजनात चरबीचा वाटा शेकडा १० ते १२ च्या आसपास आला म्हणजे पोटावरचे स्नायू उठून दिसू लागतात. तो १८-२० वर गेला की तेच स्नायू, तेवढेच बळ असूनही, झाकले जातात. बायकांच्या शरीरात निसर्गतःच चरबी अधिक असते, आणि ती असावीच लागते. त्यामुळे तितकीच तंदुरुस्त असलेली मुलगी भावासारखी 'कोरीव' दिसत नाही, यात तिच्या मेहनतीची काही कसूर नसते.

आखाड्यातल्या त्या गोल पैलवानाचे रहस्य एवढेच. त्याच्या गोधडीखाली स्नायूंचा डोंगर आहे. याचे सर्वांत ठळक उदाहरण जपानात सापडते. तिथल्या सुमो मल्लांची पोटे पाहून आपण हसतो. पण संशोधकांनी मोजमाप केले तेव्हा, चरबी वजा जाता १०० किलोंहून अधिक वजन उरते असे मल्ल त्यांच्यात आढळले. अंगावर पिळाची एक रेघही नसलेल्या या माणसांजवळ, मंचावर पीळ दाखवणाऱ्या बहुतेकांपेक्षा जास्त स्नायू असतात!

मग ही चरबी तो पैलवान बाळगतो कशाला? कारण मातीतल्या मोठ्या कुस्तीत वजनालाच किंमत असते. खाली चिकटून बसलेला १२० किलोंचा गडी उचलणे आणि ८० किलोंचा उचलणे यांत फार फरक आहे. दूध, तूप, बदाम, थंडाई हा तालमीतला खुराक केवळ हौसेने ठरलेला नाही. याच तालमीच्या दुसऱ्या कोपऱ्यात मल्लखांब उभा असतो. पेशवाईच्या अखेरीस बाळंभटदादा देवधरांनी जी विद्या नावारूपाला आणली, तिच्यात सगळा भार आपला आपणच उचलायचा असतो. तिथे प्रत्येक फाजील शेर पकडीतून खाली खेचतो. म्हणून मल्लखांबपटू सडसडीत आणि पीळदार, आणि त्याच छपराखाली जोर-बैठका काढणारा पैलवान भरदार. खेळ ज्या अंगाला बक्षीस देतो, ते अंग त्या खेळात टिकून राहते.

कुस्तीतही वजनाचे गट आले की चित्र पालटते. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊन आले, स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, ते ५७ किलोंच्या आतल्या गटात. या गटात चरबीचा प्रत्येक किलो म्हणजे स्नायूची जागा अडवून बसलेला भाडेकरू. त्यामुळे लहान गटांतले मल्ल सुकलेल्या खारकेसारखे दिसतात. २०२४ साली पॅरिसला याच ५७ किलोंच्या गटात अमन सेहरावतने कांस्यपदक मिळवले. कांस्यपदकाच्या लढतीआधी त्याने एका रात्रीत सुमारे साडेचार किलो वजन उतरवले, हे वर्तमानपत्रांतून आपण वाचलेच. एका रात्रीत चरबी इतकी वितळत नाही आणि स्नायू तर नाहीच. जाते ते मुख्यतः पाणी. अंगाचे रूप किती चंचल असते, याचा अंदाज एवढ्यावरून करावा.

घाट चढणाऱ्या माणसाची गोष्ट निराळी. त्याच्या अंगावर चरबीही नाही आणि मोठा स्नायूही नाही. स्नायू असंख्य तंतूंचा बनलेला असतो, आणि हे तंतू मुख्यतः दोन जातींचे: सावकाश आकुंचन पावणारे पण न थकणारे, आणि झटक्याने आकुंचन पावणारे पण लवकर दमणारे. जाड होण्याकडे ओढा असतो तो दुसऱ्या जातीचा. पहिल्या जातीचे तंतू प्राणवायूवर चालतात. भोवतीच्या केशवाहिन्यांतून आलेला प्राणवायू तंतूच्या गाभ्यापर्यंत पोचायला हवा, आणि तंतू बारीक असेल तर ती वाट जवळची पडते. म्हणून लांब पल्ल्याच्या कष्टाने स्नायू फुगत नाही. त्याच्यात केशवाहिन्यांचे जाळे दाट होते, ऊर्जा निर्माण करणाऱ्या सूक्ष्म भट्ट्या वाढतात. हे सगळे धन आत, डोळ्यांना न दिसणारे. त्यात भर अशी की पाच किलोंचा जादा देह घेऊन चढणे म्हणजे पाच किलोंचे गाठोडे जन्मभर डोक्यावर वाहणे. डोंगर ते वाहू देत नाही.

याच सह्याद्रीच्या रांगेत, नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत वाढली. २०१० साली तिने दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर धावण्यात कांस्यपदक आणि त्याच वर्षी आशियाई स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. दंडांचा घेर मोजून तिच्यासारखीची निवड कोणी करू गेले असते, तर ती पहिल्याच फेरीत गळली असती.

इथवरचे सगळे सवयीचे आणि मेहनतीचे. पण दोन माणसे अगदी सारखी मेहनत करतील, सारखे जेवतील, तरी सारखी दिसणार नाहीत. चरबी कुठे साठायची हे प्रत्येकाच्या घराण्यात ठरलेले असते; कोणाच्या पोटावर, कोणाच्या मांड्यांवर, कोणाच्या चेहऱ्यावर. स्नायूचा मांसल भाग लांब आणि शेवटची शिरदोरी आखूड असेल तर अवयव भरीव दिसतो. शिरदोरी लांब असेल तर तोच माणूस कितीही कष्ट करो, पोटऱ्या काठीसारख्याच राहतात. ठेंगण्या माणसाचे स्नायू आखूड हाडांवर दाटीने बसतात. १९५२ साली आपल्या गटात 'विश्वश्री' ठरलेले बंगालचे मनोहर ऐच अवघे ४ फूट ११ इंच उंचीचे होते, आणि त्यांनी शंभरी ओलांडली.

बैलांच्या शर्यतीवर जीव टाकणाऱ्या आमच्या या भागातल्या वाचकांना एक गंमत सांगण्याजोगी आहे. बेल्जियममध्ये गुरांची एक जात आहे, तिचे बैल दुप्पट मांसाचे. मागचे पुठ्ठे पाहून वाटावे की दगडातून घडवलेत. १९९७ साली त्याचे कारण उमगले. स्नायूंची वाढ थोपवून धरणारे एक द्रव्य प्रत्येक जनावराच्या शरीरात असते, आणि या जातीत ते तयार करणारा जनुकच बिघडलेला आहे. लगाम सुटला, मांस वाढले. पण त्या गाईंची वासरे इतकी जड की पुष्कळदा पोट कापूनच काढावी लागतात. घाटात सेकंदांवर निकाल लावणारा आपला चपळ खिल्लार त्यांच्यापुढे हाडकुळा दिसेल. गाडीला मात्र खिल्लारच जुंपावा लागेल. २००४ साली एका जर्मन मुलाच्या बाबतीतही असाच जनुकाचा बिघाड नोंदला गेला. अशी माणसे लाखांत एखादी. बाकीचे आपण सगळे कमी-अधिक लगामाचे.

आणि काही हिशेब तर जन्माच्याही आधीचा असतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुणे परिसरातल्या खेड्यांतील माता आणि त्यांची बाळे यांचा वर्षानुवर्षे अभ्यास केला. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांत असे दिसले की आपल्याकडची नवजात बाळे सरासरी २.७ किलोंच्या आसपास भरतात, तर इंग्लंडातल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंच्या आसपास. पण कमी काय भरते? आपल्या बाळाच्या अंगात स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने फारशी कमी नाही. बाहेरून बारीक आणि आतून मेदाळ असे हे मूल. पुढच्या वर्षी याज्ञिकांनी आणि त्यांचे लंडनचे सहकारी डॉ. युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात मांडले. उंचीच्या प्रमाणात वजनाचा जो निर्देशांक डॉक्टर काढतात, तो दोघांचाही २२.३, म्हणजे अगदी निर्दोष. परंतु यंत्राने आतली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली शेकडा ९.१ आणि याज्ञिकांची २१.२! युडकिन मॅरेथॉन धावणारे. आपला मुख्य व्यायाम म्हणजे सकाळी रुग्णालयाच्या उद्वाहकाचे दार बंद होण्याआधी ते गाठणे, अशी मिस्किल कबुली याज्ञिकांनी दिली आहे. आणि आपले जन्माचे वजन कमी होते, हेही नोंदले आहे. सदऱ्याच्या मापावर विश्वासून निश्चिंत बसणाऱ्या आम्हां पांढरपेशांनी हे दोन आकडे जरूर लक्षात ठेवावेत.

अंग दाखवण्याचा आजचा षोक नवा आहे असेही नाही. युजेन सँडो हा जर्मन मल्ल या कलेचा आद्य आचार्य. १९०१ साली लंडनच्या आल्बर्ट हॉलमध्ये त्याने पीळदार देहांची जंगी स्पर्धा भरवली, आणि परीक्षकांत शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल होते. तिथून ही लाट आपल्याकडेही आली. औंधचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सँडोची साधने मागवून सुमारे दहा वर्षे त्याचा व्यायाम केला. पुढे ते सूर्यनमस्कारांकडे वळले आणि त्यांचा त्यांनी घरोघर प्रसार केला.

मंचावरचा पीळ हे एक दिवसाचे लेणे असते. कित्येक आठवडे अन्न तोलून चरबी उतरवायची, शेवटी पाण्याचा हिशेब सांभाळायचा, अंगाला रंग चोपडायचा, बाजूने पडणाऱ्या प्रकाशात उभे राहायचे आणि नेमक्या क्षणी स्नायू आवळायचा. हेही कष्टच आहेत आणि ते प्रामाणिकपणे करणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही ही म्हण इथे उलटी पडते. चार दिवस पोटभर जेवले की अंगावरचा पीळ पुसट होतो. त्या एका क्षणाचे छायाचित्र पाहून बारा महिने तसेच दिसण्याचा हट्ट धरणारा मुलगा अशक्य गोष्टीच्या मागे लागलेला असतो, आणि मग त्याला जवळची वाट दाखवणारा कोणीतरी भेटतोच.

ही जवळची वाट म्हणजे पुरुषी संप्रेरकाची कृत्रिम औषधे. स्नायू त्याने वाढतात, यात खोटे नाही. पण बाहेरून आयता पुरवठा होऊ लागला की शरीर आपला कारखाना बंद करते. वृषणे आक्रसतात, बीजनिर्मिती मंदावते. रक्तातले चरबीचे प्रमाण बिघडते, हृदयाची भिंत जाड होते, स्वभाव चिडका होतो. बाटली सोडल्यावरही तो बंद कारखाना सुरू व्हायला महिनोन्महिने लागतात, कधी त्याहून अधिक. घरातल्या मुलाच्या पाठीवर अकस्मात मुरुमांचे पीक आले आणि तीन महिन्यांत त्याचे दंड दीडपट झाले, तर आईवडिलांनी कौतुकाआधी चौकशी करावी. धावणाऱ्या मुलींच्या बाबतीत धोका दुसऱ्या टोकाचा. हलके व्हायचे म्हणून पोट मारले, तर मासिक पाळी थांबते आणि हाडे ठिसूळ होऊ लागतात. ती 'छान बारीक झाली' म्हणून शेजारीण वाखाणते, त्याच वेळी हे आत चाललेले असते.

जुन्नर-आंबेगावातली कितीतरी मुले पोलीस भरतीची तयारी करतात. पहाटे डांबरी सडकेच्या कडेने ती पळताना दिसतात. भरतीच्या मैदानाला त्यांच्या पोटावरच्या वड्यांशी काही कर्तव्य नाही. मुलांची छाती ७९ सेंटिमीटर भरावी आणि श्वास घेऊन ५ सेंटिमीटर फुगावी. मग १६०० मीटर आणि १०० मीटर धावणे, आणि ७.२६ किलोंचा गोळा फेकणे. यातली गंमत अशी की १६०० मीटरला घाटातला काटक गडी हवा आणि गोळ्याला आखाड्यातला भरदार. एकाच पोराने दोन्ही व्हायचे, म्हणजे त्याने मधलेच कुठेतरी अंग कमवायचे. ते दिसायला साधेच असणार.

त्यासाठी लागणारा खुराकही डब्यातल्या भुकटीवाचून भागतो. स्नायू वाढवू पाहणाऱ्याला वजनाच्या दर किलोमागे साधारण दीड ते पावणेदोन ग्रॅम प्रथिने पुरतात. म्हणजे ६० किलोंच्या मुलाला दिवसाला ९० ते १०५ ग्रॅम. एक लिटर दुधात ३०-३२ ग्रॅम मिळतात, शंभर ग्रॅम डाळीत २२ च्या आसपास, शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत २५, एका अंड्यात ६. राहिलेले बाजरीची भाकरी भरून काढते. ज्या पट्ट्यात घरोघरी दुभते आहे, तिथे हा हिशेब जमवणे अवघड नाही. पश्चिमेच्या डोंगरात मात्र तो अजूनही अवघड आहे.

शेवटची एक गोष्ट घरातल्या आयांसाठी. मुलगा जोर-बैठका काढू लागला की पहिल्या काही आठवड्यांत बळ वाढते ते मुख्यतः मज्जातंतूंच्या शिकण्यामुळे. असलेल्याच स्नायूंतले अधिक तंतू एकाच वेळी कामाला लावण्याची कला मेंदू शिकत असतो. गोळा पूर्वीपेक्षा हातभर पुढे पडू लागतो, विहिरीचा दोर हलका वाटू लागतो, आणि दंडाचा घेर तसूभरही बदललेला नसतो. तेव्हा सदरा अजून ढगळ कसा, असे त्याला विचारू नये. सदऱ्याला आणखी दोन-तीन महिने द्यावेत.